आत्याने निवडलेला रॅक

मी आत्यासाठी मासिकांचा रॅक म्हणून जे विकत आणलं, ते ताटं निथळत ठेवायचं स्टँड निघालं. साठ-पासष्ट सालच्या सुमाराला लोणावळ्यातले जुने बंगले रिकामे होत होते आणि त्यांतलं सामान बाजारात यायचं. शिसवी लाकूड, उभ्या काड्या, मध्ये फटी. मला वाटलं, फटींत मासिकं बसतील. आत्याने ते उलटं केलं, हुंगलं आणि म्हणाली, "याला खरकट्याचा वास येतोय. तुझं नाक नुसतं चष्म्यासाठी आहे का?"

आईवडील गेल्यावर, काका असूनही, मला आत्यानेच वाढवलं. मायेने वाढवलं असं म्हणायची पद्धत आहे. आत्याने मला भांडून वाढवलं. दूधवाल्याशी पाण्यावरून, शेजाऱ्यांशी फणसाच्या पाल्यावरून, आणि त्यांना सवड नसली की माझ्याशी. दारात आलेल्या माणसाला पाण्याआधी तो किती वाळलाय हे ऐकावं लागे. मला सांगून आलेली स्थळं तिने एकजात परत पाठवली. एक मुलगी फार हसते म्हणून, दुसरी हसतच नाही म्हणून.

तिचा जीव होता तो मासिकांवर. लोणावळ्याच्या ओलीत ती भिंतीशी रचून ठेवली की फुगत, बुरशी धरत. म्हणून चांगला जुना रॅक हवा होता. तो शोधायला निघताना तिच्या पिशवीत एक जाडजूड दिवाळी अंक असे. तो एका बाजूच्या कप्प्यात टाकायचा आणि रॅक कलतो का ते बघायचं. मग पाय पुरेसे उंच आहेत का, खालून वारा खेळेल का. सांधे खाचेचे की नुसते सरसाचे, कारण पावसाळ्यात सरस सुटतो. शेवटी विकणाऱ्याच्या तोंडावर रॅकला नावं ठेवायची. हे काम ती अगदी मन लावून करी.

कार्ल्याला एका बंगल्याचे रखवालदार होते, त्यांची मुलगी शालन. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं. आत्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ते राहिलं होतं. आत्याने नाही म्हटलं तर शालनचे वडील दिवाळीपर्यंत तिला दुसरीकडे देणार होते. त्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात एक रॅक होता. मी आत्याला एसटीत बसवलं. रॅकबरोबर मुलगीही नजरेखालून जाईल, असा माझा डाव. त्या घरी मीसुद्धा पहिल्यांदाच चाललोय, अशी थापही वाटेत मारून ठेवली.

शालनने रॅक पुसून ओसरीवर ठेवला होता. आत्याने अंक टाकला. रॅक हलला नाही, म्हणून ती चिडली. पाय फेंगडे आहेत म्हणाली, पॉलिश भिकार म्हणाली, असली वस्तू बंबात घालायची म्हणाली. शालन ऐकून घेत होती. मग आत्याने एका भोकावर बोट ठेवलं आणि कीड लागलीय असं जाहीर केलं.

"कीड न्हाई मावशी, खिळ्याची भोकं हायेत," शालन म्हणाली. "कीड असती तर खाली भुसा पडला असता."

"मला शिकवतेस?"

"तुमी म्हनला म्हनून सांगितलं. पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या. आमालाबी घर बघूनच द्यायचाय."

आत्याला असं उत्तर दूधवाल्यानेही कधी दिलं नव्हतं. तिने पाणी मागितलं. वातावरण निवळावं म्हणून मी तडक मागच्या पडवीत गेलो, फडताळातला पेला काढला, माठातलं पाणी भरलं आणि आणून दिलं. पेल्याच्या काठावरून आत्या माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माठ कुठे आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आत्या पुढे बरीच वर्षं आमच्या घरात भांडत राहिली. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांशीही भांडली. शालन तिच्याशी तोडीस तोड भांडे आणि ती गेल्यावर महिनाभर शालनला जेवण गेलं नाही. मला मात्र आत्या म्हटलं की ती ओसरीच आठवते. तिने पेला खाली ठेवला, अंक पिशवीत घातला आणि माझ्याकडे बोट दाखवत शालनला म्हणाली, "रॅक मी नेते. नाही पटला तर परत पाठवीन. याचं तसं नाही हो. याला कुणी परत घेत नाही; याच्या काकांना मी विचारून बघितलंय."