वडिलांना घेऊन ये

जुगाराच्या अड्ड्यांवर धाडी घालता घालता स्वतःच जुगारी झालेला फौजदार मी पाहिलेला नाही. पण व्हिडिओ गेमच्या दुकानांवर धाडी घालता घालता अखेर तेच दुकान आपल्या घरात मांडून बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि तो आम्हाला सातवीला गणित शिकवायचा. अंबरनाथच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापकांना कोणी भीत नसे, या सरांना सगळे भीत. शाळा सुटली की इतर मास्तर घरी जात आणि सर सायकलवर टांग मारून थेट उल्हासनगर कॅम्प चारला जात. तिथे एका सिंधी सेठचं गेमचं पार्लर होतं. एक गाळा, दाराला काळा पडदा, आत चार मशीन आणि चाळीस पोरं. आम्ही ऐन लढाईत असताना पडदा हलायचा आणि सायकलची क्लिप लावलेली एक पँट आत यायची. सर कधी ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हजेरी घेतली. "सात. अकरा. सतरा. तेवीस. या बाहेर." आम्हाला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, हजेरीपटावरचा नंबर हेच आमचं नाव. मी सतरा नंबर. आज मी बेचाळीस वर्षांचा आहे, दहावीत गेलेल्या मुलीचा बाप आहे, पण बदलापूरच्या बाजारात कोणी भाजीचा भाव "सतरा" असा सांगितला तरी माझा हात आपोआप कानाकडे जातो.

धाडीपेक्षाही सरांची जप्ती प्रसिद्ध होती. वर्गात कोणाकडे हातातला ब्रिक गेम सापडला, टीव्ही गेमची कॅसेट सापडली, की ती तपकिरी पाकिटात जायची. पाकिटावर नाव, इयत्ता, तुकडी, नंबर, तारीख आणि खाली गुन्ह्याचं वर्णन, सुंदर अक्षरात: 'भूमितीच्या तासाला, बाकाखाली, पाय हलवीत.' मग पाकीट स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात. रडा, पाया पडा, आजारी आजीची शपथ घाला, सरांचं उत्तर एकच असायचं, "वडिलांना घेऊन ये आणि घेऊन जा." आता वडिलांना नेऊन स्वतःची शोभा करून घेण्याइतकं गणित कोणाचंच कच्चं नव्हतं. त्यामुळे कपाट भरत गेलं.

माझा ब्रिक गेम असाच गेला. सहावीत पास झालो म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो आणला होता आणि तो आमच्या आळीतला पहिला होता. घरी काय सांगायचं? मी सांगितलं की गणपतीला गावी गेलो तेव्हा चुलतभाऊ चंदूने तो ठेवून घेतला. अण्णा "बरं" म्हणाले. प्रकरण मिटलं असं मला वाटलं, पण अण्णांची स्मरणशक्ती दांडगी. दर वर्षी गणपतीला कोकणात जायची बॅग भरताना ते हमखास विचारणार, "काय रे, चंदूने तो गेम दिला का परत?" मी म्हणणार, "विचारतो यंदा." बिचारा चंदू आज दोन पोरांचा बाप आहे, दर वर्षी मला फणसाचे तळलेले गरे बांधून देतो, आणि मी त्याच्या नजरेला नजर न देता ते घेतो. तीस गणपती मी असे काढले आहेत.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने कपाट रिकामं करायला सांगितलं. सर दोन खोकी घेऊन बदलापुरात शिरगावच्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "भंगारवाल्याला द्या." सर म्हणाले, "परक्याची वस्तू आहे. जशी घेतली तशी परत गेली पाहिजे." आता जशीच्या तशी द्यायची तर ती चालते की नाही हे बघायला हवं. सरांनी एका गेममध्ये सेल घातले. काकू अजूनही ती हकीकत हात जोडून सांगतात. "चार वाजता सेल घातले. साडेचारचा चहा निवला. सहाला मी दिवा लावला, तर हे मलाच म्हणतात, शूः!"

तिथून जे सुरू झालं त्याला अंत नाही. परक्याच्या कॅसेटी तपासायला टीव्ही गेमचं यंत्र हवं म्हणून एक आलं. त्याला जोडी म्हणून दुसरं आलं. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र नीट येत नाही म्हणून पोटवाले जुने टीव्ही आले. सोनिवलीपासून अंबरनाथपर्यंतचे भंगारवाले सरांना ओळखू लागले. जुनं यंत्र दिसलं की ते फोन करतात आणि सर नव्या नातवाची बातमी आल्यासारखे पिशवी घेऊन निघतात. शेवटी ते कॅम्प चारला पोचले. सेठचं पार्लर कधीच बंद झालं होतं. एक मशीन तेवढं त्याच्या जीन्सच्या कारखान्यामागे ताडपत्रीखाली उभं होतं. सेठने सरांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "साईं, आधी जिंदगी मेरे गिऱ्हाईक उठा के ले गये, अब मशीन भी ले जाओगे?" पण द्यायला तो तयार झाला, कारण मशीन घ्यायला दुसरं कोणी जगात उरलं नव्हतं. ते दुसऱ्या मजल्यावर चढवायला सहा माणसं लागली आणि जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की वरचे लोक वर आणि खालचे लोक खाली दीड तास राहिले. मशीनच्या बाजूला कोणीतरी कर्कटकाने सरांचं चित्र कोरलेलं आहे, मिशा आणि सायकलच्या क्लिपसकट. सरांनी मशीनला नवं पॉलिश मारून घेतलं, पण चित्राला ब्रश लावू दिला नाही. "तेवीस नंबरचं काम आहे," ते कौतुकाने म्हणाले. "कर्कटक कधी वर्गात आणायचा नाही, तरीच!"

एवढं करून सरांना खेळता येतं का? छे! त्यांच्याइतका वाईट खेळणारा माणूस मी पाहिलेला नाही. आधी चौकडीच्या वहीत ते शत्रूच्या हालचाली मांडतात. "हे बघ सतरा, शत्रू नियमाने वागतो. तुमच्यासारखा नाही." मग हात धुऊन, पाठ ताठ ठेवून, पस्तीस मिनिटांचा तास लावून बसतात आणि दुसऱ्या स्टेजला मरतात. मारामारीच्या गेममध्ये समोरचा पडला की सर मशीनचा दांडा सोडून देतात. मी म्हणतो, "सर, मारा ना, पडलाय तो!" सर म्हणतात, "उठू दे त्याला." तो उठतो आणि सरांना झोडपून काढतो. काकू मात्र भाजी निवडता निवडता एका हाताने चौथ्या स्टेजपर्यंत जातात आणि वर विचारतात, "घरात एवढी मशिनं आहेत, त्यातलं कपडे धुवायचं तेवढं का बंद असतं?"

तर या सरांनी मनावर घेतलं की सगळी पाकिटं ज्याची त्याला परत करायची. जुन्या हजेरीपटावरून त्यांनी एकेकाला शोधून काढलं. अट मात्र जुनीच. वडिलांना घेऊन ये. वडील नसतील तर आई, आई नसेल तर थोरलं कोणीतरी. एकट्याने यायचं नाही. तेवीस नंबर आता सोनिवलीला इमारती बांधतो. तो गावाहून वडिलांना गाडीत घालून घेऊन आला. अकरा नंबर पोलिसात मोठा साहेब आहे. तो गणवेशात आला, बरोबर आई. सरांनी आईला खुर्ची दिली आणि विचारलं, "घरी कसा आहे?" माउलीने पाव तास तक्रारी सांगितल्या. जेवणाची वेळ नाही, फोन उचलत नाही, बायकोशी नीट बोलत नाही. साहेब टोपी काखेत धरून मान खाली घालून उभे. शेवटी सर म्हणाले, "पुन्हा असं होणार नाही असं म्हण," आणि साहेब तसं म्हणाले. मग पाकीट मिळालं.

मी सरांपासून दहा मिनिटांवर राहतो, त्यामुळे दर रविवारी जातो आणि दर रविवारी ते विचारतात, "वडिलांना आणलंस?" मी म्हणतो, "गुडघे दुखतात हो त्यांचे." ते खोटं नव्हतं. पण खरं कारण चंदू होता. बाहत्तर वर्षांच्या बापाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की तीस वर्षं तुम्ही भलत्याच पोराला चोर समजत आलात?

पाकिटं जात राहिली. एका रविवारी गेलो तर सरांनी घरी पाकिटांसाठी ठेवलेलं कपाट उघडं होतं आणि त्यात एकच पाकीट होतं. माझं. सर मशीनवर बसले होते. दोघांनी खेळायचा गेम होता. सर थोडा वेळ डावीकडून खेळत, मग स्टूल सरकवून उजवीकडून खेळत. दोन्ही बाजूंना अगदी सारखी संधी देत होते. काकू चहा देताना हळूच म्हणाल्या, "येतात, पाकीट घेतात, पाया पडतात. परत एक येत नाही बघ." मग सर वळले आणि म्हणाले, "सतरा, दिवाळीपर्यंत आला नाहीस तर मी पाकीट टपालाने पाठवणार. तुझ्या वडिलांच्या नावावर." म्हणजे ते थेट अण्णांच्या हाती पडणार. पाकिटावर गुन्ह्याचं वर्णन आणि तारीख होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या चहाला धीर केला. "अण्णा, तो गेम चंदूने घेतला नव्हता." अण्णांनी पेपर खाली केला. "मग?" मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज बारा वर्षांच्या पोरासारखा येत होता आणि दारात उभी राहून माझी मुलगी ऐकत होती. अण्णा उठले. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि म्हणाले, "चल."

दोन मजले चढायला त्यांना वेळ लागला. प्रत्येक वळणावर थांबून ते गुडघा चोळत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. सरांनी दार उघडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सर म्हणाले, "तीस वर्षं लागली, अण्णा."

"मी म्हटलेलं, दहावीपर्यंत बोलेल," अण्णा म्हणाले.

मी दाराची चौकट धरली. मग कळलं ते असं. गेम जप्त झाला त्याच आठवड्यात रेशनच्या रांगेत दोघांची गाठ पडली होती आणि सरांनी सगळं सांगून टाकलं होतं. अण्णा म्हणाले होते, "ठेवा तुमच्याकडे. त्याच्या तोंडून येऊ दे." नंतर वर्षं गेली, दोघं हट्टाला पेटले. "आणि चंदू?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "त्याला पहिल्याच गणपतीला सांगितलं मी. तू गरे घेताना कसा बघतोस ते तो घरात सगळ्यांना करून दाखवतो." सर आणि अण्णा इतके हसले की काकू बाहेर आल्या. मला राग यायला हवा होता. पण इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, हे मी कबूल करतो.

सरांनी पाकीट काढलं. नवे सेल घातले. अण्णांनी चष्मा वर करून गेम हातात घेतला, ज्या गेमसाठी त्यांनी एकदा अख्खं अंबरनाथ पालथं घातलं होतं त्याच्याकडे बघत राहिले, आणि मिनिटभरात हरले. सर पाकिटाची नीट घडी करत होते. त्यांचं लक्ष उघड्या कपाटाकडे होतं. "नेऊ का मग?" मी विचारलं. सर म्हणाले, "ने. आता तुझंच आहे." मग कारण नसताना त्यांनी कपाटाचा रिकामा कप्पा फडक्याने पुसला.

अण्णा बघत होते. त्यांनी गेम बंद केला आणि सरांच्या हातात ठेवला. "नको सर. नात दहावीला आहे आणि हा घरी असला खेळ घेऊन बसेल. ठेवून घ्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवं पाकीट काढलं आणि त्याच सुंदर अक्षरात नाव, नंबर आणि तारीख लिहिली. इयत्तेच्या जागी थोडा विचार करून 'सातवी' असंच लिहिलं.

"परत कधी मिळेल, सर?" मी विचारलं.

"वडिलांना घेऊन ये."

"येतो रविवारी," अण्णाच म्हणाले.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. अण्णा तीन वेळा थांबत दोन मजले चढतात, मी मागून त्यांची पिशवी धरतो. मग सर आणि अण्णा मशीनवर बसतात. एकजण पडला की दुसरा दांडा सोडून थांबतो, त्यामुळे त्यांचा एक डाव संपायला अख्खी सकाळ जाते आणि काकूंचा चहा दोनदा निवतो. माझा गेम अजून कपाटात आहे. मी तो मागत नाही. सर आता एकाच बाजूने खेळतात.