दोनदा मोजलेली लेकरं

आंधळगावचे घनश्याम मारबते आणि देवकाबाई तलावात मासे धरतात. त्यांची थोरली रक्षा संख्याशास्त्रात एमएस्सी होऊन नागपुरात डॉ. बोपचे यांच्या संशोधन गटात लागली, पण तिचं काम काय, हे गावात कुणाला धड सांगता येत नसे.

सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या बाळाच्या एका रक्ततपासणीवरून पुढं आजार किती बळावेल हे कळतं का, यावर ठिकठिकाणी अकरा अभ्यास झाले होते. कुठे चाळीस मुलं, कुठे नऊशे. नुसती सरासरी काढून भागत नव्हतं. ज्याची माहिती पक्की, त्याला जास्त वजन द्यावं लागे. रक्षानं सगळं जुळवलं. तपासणी वाईट आली तर धोका तिप्पट, असं उत्तर निघालं. डॉक्टर खूश झाले.

रक्षा मात्र अडली. दोन अभ्यासांतलं रुग्णालय एकच होतं आणि वर्षंही एकमेकांत शिरलेली. तिनं लेखकांना चार मेल केले, एकालाही उत्तर नाही. पाचव्याला उत्तर आलं: होय, दोनशे बारा मुलं दोन्हीकडे आहेत. एक अभ्यास वगळून तिनं पुन्हा गणित मांडलं. धोका दीडपटीवर आला, आणि तोही खात्रीचा राहिला नाही.

आठ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही अभ्यास राहू दे, असंही त्यांनी सुचवलं. रक्षानं तो मेल त्यांच्यापुढं ठेवला.

"सर, या आकड्यावरून उद्या एखाद्या आईला सांगतील, तुझं लेकरू फार आजारी पडणार. हे आपल्याला माहीतच नाही."

डॉक्टर उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी या कामावरचा लेख नव्या आकड्यांनिशी नियतकालिकाकडे पाठवला आणि त्यावर पहिलं नाव रक्षाचं घातलं.

पुढं भंडाऱ्यात डॉक्टरांच्या सभेत तो लेख मांडायला तिलाच बोलावलं. आईबाबा एसटीनं आले आणि शेवटच्या रांगेत बसले. बाहेर पडल्यावर देवकाबाईंनी विचारलं, "मंग आता त्या मायांले काय सांगतीन?"

"जेवढं माहीत हाये तेवढंच, आई."

देवकाबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. स्टँडवर जाताना घनश्याम यांनी ऑटोवाल्याला सांगितलं, "आज माह्या पोरीनं डाक्टर लोकायले शिकवलं."