साळूबाई आणि वीर धरणाचं पाणी

शिरवळच्या एसटी स्टँडमागं एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या तोंडाशी अर्जुना भोयाचं गळ-जाळ्यांचं दुकान होतं. पाटीवर नाव अर्जुनाचं असलं तरी दुकान उभं केलं होतं त्याच्या बायकोनं, साळूबाईनं.

साळूबाईचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीचं. बाप कृष्णेवर मासे धरायचा, थोरला भाऊही धरायचा. तो भाऊ एका पावसाळ्यात जाळं ओढता ओढता पाण्यात गेला तो परत आला नाही. साळूबाई तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. पुढं लग्न होऊन ती नीरेकाठी आली, तर नवराही होडीवालाच. दोन वर्षं तिनं काढली. अर्जुना पाण्यावर गेला की तिला घास गिळायचा नाही. मग तिनं एकच धोशा लावला, आपण जाळ्यांचं दुकान टाकू. धरणावर मासे धरणाऱ्यांना जाळी लागतात, दोरा लागतो, जाळं बुडायला शिसं लागतं. ते आणायला माणसं पुण्याला जातात, ती आपल्याकडं येतील. अर्जुना नाही नाही म्हणत होता, पण अखेर तयार झाला. गळ्यातली पोत मोडून तिनं दुकान घातलं आणि नवऱ्याला पाण्यातून काढून फळकुटाच्या बाकावर आणून बसवलं.

दुकान चाललंही चांगलं. वीर धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणारे भोई तर यायचेच, पण हायवे झाल्यापासून पुण्याची हौशी मंडळीही यायला लागली. रविवारी पहाटेच गाड्या थांबायच्या. कुणाला रॉड हवा असायचा, कुणाला रीळ, कुणाला कटला माशासाठी कणकेचा गोळा कसा मळायचा ते विचारायचं असायचं. अर्जुना सांगायचा. त्याला बोलायची लय हौस. गाठ मारून दाखवताना तो गिऱ्हाइकाचा हातच हातात घ्यायचा. गिऱ्हाईक नसलं की साळूबाई जाळी विणायची आणि अर्जुना शेजारी बसून कडेला ओवायचं शिसं तिच्या हातात देत राहायचा. लेक प्रांजल याच दुकानावर शिकली, नर्स झाली आणि पुण्याला दिली.

या दुकानात लहानाचा मोठा झालेला आणखी एक होता, यशराज. खंडाळ्याकडच्या एका बागायतदार घरातला पोरगा, वडील फौजेत. शाळेत असताना तो सायकलवर यायचा आणि अर्जुनाकडं तासन्‌तास बसायचा. पुढं एमआयडीसीतल्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला तरी त्याचं येणं सुटलं नाही. पहिला पगार झाला तेव्हा रॉड त्यानं साळूबाईकडूनच घेतला आणि पेढे ठेवून दोघांच्या पाया पडला.

मग मोबाइलवरची खरेदी सुरू झाली. आधी पुण्याची मंडळी कमी झाली. येत, पण वस्तू हातात घेऊन बघत, फोटो काढत, "बघतो, मावशी," म्हणून निघून जात. हळूहळू भोयांची तरणी पोरंही जाळी तिकडूनच मागवायला लागली. स्वस्त पडायची, घरपोच यायची. साळूबाई त्यांना नावं ठेवत नव्हती. ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न. तिला लागलं ते यशराजचं. एक दिवस तो नवं रीळ घेऊन आला. रीळ अडकत होतं. अर्जुनानं ते खोललं, तेल सोडलं, पुन्हा जुळवून दिलं.

"कुठनं घेतलंस रं?" साळूबाईनं विचारलं.

यशराजनं मान खाली घातली. "मागवलं, काकी. आपल्याकडं ह्या कंपनीचं नव्हतं."

"व्हय. आपल्याकडं कुठनं असणार," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

अर्जुना तिला म्हणाला, "पोराला कशाला बोलतीस? जग बदललंय, साळू."

"जग बदलू द्या. आपल्या चुलीचं काय?"

 दिवाळीच्या आधी अर्जुनानं मागच्या अंगणात पालथी घातलेली जुनी होडी सरळ केली, डांबर लावलं, फळ्या ठोकल्या. साळूबाई दारात उभी राहून बघत होती. तिला कळायचं ते कळलं.

"आवं, तुमचं वय काय? पन्नाशी उलाटली," ती म्हणाली.

"हात हायती न्हवं अजून? सांजचं जाळं टाकीन, सकाळी काढीन. दुकान तू हायेस बघायला."

"मला न्हाई बघायचं दुकान. तुमी पान्यात जानार असाल तर दुकान कशाला घातलं व्हतं मी?"

तो हसला. तिच्या डोक्यावरून पदर सरकला होता तो त्यानं सारखा केला आणि पुन्हा हातोडी उचलली. साळूबाईला त्याचं हसणं आवडायचं, त्या दिवशी आवडलं नाही.

दुकानात केशरी रंगाची लाइफ जॅकेटं टांगलेली होती, विकायला आणलेली. त्यातलं एक घालून जा म्हणून ती मागं लागली. एकदा तो घालूनही गेला. दुसऱ्याच दिवशी पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं, जॅकेट उलटसुलट करून म्हणालं, "हे वापरलेलं दिसतंय, चिखल आहे याला." आणि घेतलं नाही. तेव्हापासून अर्जुनानं त्या जॅकेटांना हात लावला नाही. "माल खराब व्हतो," म्हणायचा. "आन् मी भोयाच्या पोटचा हाय. मला पानी काय करनार?"

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली होती, पण एक दिवस दुपारीच आभाळ भरून आलं आणि वारं सुटलं. सकाळी काढायचं जाळं त्या दिवशी पाण्यातच राहिलं होतं, ते सुटून जाईल म्हणून अर्जुना काढायला गेला. साळूबाई दुकानात होती. वाऱ्यानं पत्रे वाजायला लागले तेव्हा ती उठून बाहेर आली, बोळाच्या तोंडाशी उभी राहिली, पुन्हा आत गेली. दिवेलागणीला तानाजी भोई आला. भावकीतलाच माणूस. तो दारातच थांबला, चप्पल काढून.

"वैनी," तो म्हणाला, "होडी घावली. पलीकडच्या काठाला लागलीया."

"आन् त्ये?"

 साळूबाईनं दुकानाची फळी ओढली, कुलूप लावलं आणि तानाजीच्या मागं चालायला लागली. कुलूप नीट लागलं का ते तिनं ओढून बघितलं, हे तानाजी नंतर सगळ्यांना सांगत होता.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. पोलीस आले, पाणबुडे आले. भोयांनी आपल्या होड्या घातल्या. दोराला मोठाले गळ बांधून तळ धुंडाळायची त्यांची रीत. पाण्यावर होता त्या काळात बुडालेल्या कितीतरी माणसांना अर्जुनानंच असं बाहेर काढलं होतं. तेव्हा पोलीस पहिलं त्यालाच बोलवायचे. आता त्याच्यासाठी दुसऱ्यांचे गळ पाण्यात फिरत होते. लाकडं लागत होती, चिंध्या लागत होत्या. माणूस लागत नव्हता. जाळ्यात गुरफटला असणार, म्हणून वर येत नाही, असं सगळे म्हणत होते. पाणबुडे दोन दिवसांनी गेले. पाणी गढूळ होतं, खालचं काही दिसत नाही म्हणाले.

साळूबाई काठावर बसून होती. प्रांजल पुण्याहून आली होती, ती आईला घरी चल म्हणून विनवत होती. साळूबाई हलत नव्हती आणि रडतही नव्हती. बायका आपसात बोलायला लागल्या होत्या की हिचं रडणं आत गोठलंय, हे बरं न्हाई.

पाणबुडे गेले त्या दिवशी यशराज आला. कारखान्याच्या कामासाठी तो बाहेरगावी होता, कळल्याबरोबर परतला होता. टेम्पोतून त्यानं आपली छोटी फायबरची होडी उतरवली आणि एक खोकं काढलं. त्यात मासे शोधायचं यंत्र होतं. पाण्यात एक गोळा सोडायचा आणि खाली काय आहे ते पडद्यावर बघायचं.

ते बघितलं आणि साळूबाई उठली.

"आता आनलंस व्हय मशिन?" ती ओरडली. सगळा काठ तिच्याकडं बघायला लागला. "ह्या मोबाइलच्या खरेदीपायी माझं दुकान बसलं. दुकान बसलं म्हनून मानूस पान्यात गेलं माझं! त्यांच्या हाताखाली शिकलास, त्यांच्या ताटात जेवलास, आन् माल मात्र तिकडनं मागवलास! कशाला आलास हितं? काय बगायला आलास?"

यशराज खोकं हातात धरून तसाच उभा राहिला.  त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्यानं पुसलंही नाही. प्रांजलनं आईला धरलं. तानाजी मध्ये आला आणि म्हणाला, "वैनी, त्याला शोधू दे. मग काय बोलायचं ते बोल."

साळूबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "मी बी येनार."

होडीत तिघं बसली. तानाजी वल्ही मारायला, यशराज यंत्राशी, आणि मध्ये साळूबाई. यशराजनं न सांगता तिच्या अंगात लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले. तिनं विरोध केला नाही.

पडद्यावर खालचा तळ दिसत होता. रेघ वर जाई, खाली येई. धरणात गेलेल्या शेतांचे बांध, तोडलेल्या झाडांचे बुंधे. मधूनच छोट्या कमानी उमटत. "हे मासे हायत, काकी," यशराज हळू आवाजात म्हणाला. साळूबाई पडद्याकडं बघत होती आणि तिला अचानक आठवलं. हे यंत्र घ्यायच्या आधी पोरगा तिच्याकडंच आला होता. काकी, तुमी मागवून द्या, मला तुमच्याकडनंच घ्यायचंय, असं म्हणाला होता. तिनं पुण्याच्या व्यापाऱ्याला फोनही केला होता. तो हसला होता, एका नगासाठी कोण मागवतंय म्हणाला होता. मग तिनंच यशराजला सांगितलं होतं, बाबा, तुझं तू बघ. हे सगळं काठावर ओरडताना तिच्या ध्यानात नव्हतं. यशराजच्या मात्र असणार. तरी तो एका शब्दानं बोलला नव्हता.

"यशराज," ती म्हणाली.

"काय, काकी?"

 ती पुन्हा पडद्याकडं बघायला लागली.

दोनदा त्यानं हात वर केला, दोनदा तानाजीनं गळ सोडले. एकदा झाडाची फांदी आली, एकदा काहीच नाही. उन्हं कलायला लागली होती. जुन्या ओढ्याच्या मुखाशी यशराजनं तिसऱ्यांदा हात वर केला. तळापासून थोडं वर काहीतरी ढगासारखं दिसत होतं. तानाजीनं गळ सोडले, दोर ताणला गेला. तो जड झाला. तानाजीनं दोन हातांनी ओढायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा वर आलं ते जाळं. हिरव्या दोऱ्याचं, साळूबाईनं विणलेलं.

"काकी, तिकडं तोंड करा," यशराज म्हणाला.

"का म्हनून?" ती म्हणाली. "माझा मानूस हाय."

तिनं तोंड फिरवलं नाही. दुसरी होडी जवळ आली, माणसांनी मिळून त्याला वर घेतलं. जाळं अंगाभोवती, पायाभोवती आवळलेलं होतं. काठावर आल्यावर कुणीतरी सुरी काढली. साळूबाईनं त्याचा हात धरला. ती खाली बसली आणि हातांनी एकेक फास सोडवायला लागली. पोलीस घाई करत होते, पण तानाजीनं त्यांना थांबवलं. बराच वेळ लागला. सगळं जाळं सुटलं तेव्हा तिनं ते बाजूला केलं, नवऱ्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला आणि प्रांजलला म्हणाली, "बाईऽ, बापाचे पाय धर." तेव्हाही ती रडली नाही.

दहावा झाला. यशराज रोज येत होता. सगळं आवरल्यावर एकदा तो म्हणाला, "काकी, तुमची हातविणीची जाळी आपण ऑनलाइन टाकू. मी फोटो काढतो, सगळं मी बघतो. देशभरातनं मागणी येईल. दुकान बंद नका करू."

त्याच्या तोंडाकडं बघून तिला कीव आली. पोरगा खंगला होता. सुट्टीच्या दिवशीही तो पाण्यावर जात नव्हता.

"तुज्यावर राग न्हाई माझा," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलले त्ये इसरून जा. तुज्यामुळं मला त्यांचं तोंड तरी दिसलं. माझा भाऊ तर आमास्नी घावलाच न्हवता." मग म्हणाली, "पन दुकान आता न्हाई, लेकरा. त्ये दुकान मी ज्याच्यासाठी घातलं व्हतं, तो न्हाई ऱ्हायला."

यशराजनं तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुकानातली लाइफ जॅकेटं तिनं भोयांच्या पोरांना वाटून टाकली. पोरांनी आठ-पंधरा दिवस घातली, मग ती घराघरांत खुंट्यांना लागली. बाकीचा माल तानाजीनं उचलला. प्रांजल पुण्याला चल म्हणत होती, पण तिच्या दोन खोल्यांत साळूबाईचा जीव रमणार नव्हता. धाकटा भाऊ बाळासो न्यायला आला आणि ती भिलवडीला गेली.

भिलवडीत तिला सगळे जपत होते. काम सांगत नव्हते. घाटाकडं ती जायची नाही, पाणी आणायलासुद्धा नाही. असा सबंध उन्हाळा गेला. एक दिवस बाळासोचं जाळं फाटलं. भावजय घाबरत घाबरत म्हणाली, "वन्सं, ह्ये तेवढं बघता का?" साळूबाईनं जाळं पुढ्यात ओढलं, सुई भरली आणि सोप्यात बसून विणायला लागली. हात आपोआप चालत होते. फाटलेला भाग भरून आला, कड आली. कडेला शिसं ओवायचं असतं. मान वर न करता तिनं डावा हात बाजूला केला आणि म्हणाली,

"आवं, शिसं द्या."

हात तसाच राहिला. भावजय चुलीपासून धावत आली. तोपर्यंत साळूबाईनं जाळ्यात तोंड घातलं होतं आणि तिचा हंबरडा शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेला. बाळासो नदीवरून पळत आला. भावजय तिला उठवायला वाकली, तर बाळासोनं हातानंच तिला थांबवलं आणि तो बहिणीशेजारी जमिनीवर बसून राहिला.