पातळ मांडणी

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं. एरवी दुकानात सगळे त्यांना मांडणकर म्हणत. घरसजावटीच्या वस्तूंचं मोठं दुकान होतं ते, आणि दर्शनी काचेमागे काय मांडायचं, कसं मांडायचं, हे सगळं मांडणकरांच्या हाती. फुटका माठ दिला तरी तो असा ठेवतील की गिऱ्हाईक पाकिटाला हात घालेल, अशी त्यांची ख्याती. पण ख्याती दुकानात ठेवून घरी यावं, हे काही त्यांना जमलं नाही.

हंगाम संपला की दुकानात उरलेला माल मांडणकरांच्या दोन खोल्यांत येई. कोपऱ्यात उंच फुलदाण्या, त्यांच्यामागे आरसा, आणि आरशात पुन्हा त्याच फुलदाण्या. सोफ्यावर इतक्या उशा, की पाहुण्याने आधी दोन-चार मांडीवर घ्यायच्या आणि मग टेकायचं. खुर्च्या सगळ्या दाराकडे तोंड करून, जणू आता कुणी गिऱ्हाईक येणार आहे. त्यांची बायको कपडे शिवायची, पण तिचं मशीन स्वयंपाकघराच्या दारातल्या अंधारात. खिडकीपाशी काचेचं कपाट होतं ना, आणि त्या कपाटात चिनी मातीची बदकं. बदकांना उजेड हवा!

आधी ती बदकंच गेली.

मांडणकरांनी विचारलं, तेव्हा बायकोने बहिणीला दिली म्हणून सांगितलं. बरं, म्हटलं, नाती सांभाळावीत. पुढे पितळी दिवा गेला, तोही बहिणीकडेच. मग पडद्यांवरचे जादा पडदे निघाले. रिकामं कपाट कशाला अडवून ठेवायचं, म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने नेलं. तेव्हा मांडणकरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बायको भांडत नव्हती, कुरकुरत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. उलट गाणं गुणगुणत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात ती गुणगुणते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला यात काही दिसलं नसतं. पण मांडणकरांना धंद्यातली एक गोष्ट माहीत होती. दुकानाची एखादी शाखा बंद करायची ठरली की माल एकदम हलवत नाहीत. बोभाटा होतो, नोकर बिथरतात. आधी बारीकसारीक वस्तू काढायच्या, मग मागच्या रांगा, आणि उरलेलं ऐसपैस पसरून ठेवायचं. याला दुकानात ‘पातळ मांडणी’ म्हणत. गंमत अशी, की मांडणी पातळ झाली की दुकान जास्तच देखणं दिसतं. लोक येऊन तारीफ करतात. आणि एके सकाळी शटर उघडतच नाही. मांडणकरांनी स्वतःच्या हाताने शाखा अशा बंद केल्या होत्या, आणि तिथल्या नोकरांना शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नव्हती.

तीच मांडणी आता त्यांच्या घरात चालली होती. वाईट म्हणजे ती उत्तम चालली होती. एक भिंत बायकोने साफ मोकळी ठेवली, तर दुपारचं ऊन तिच्यावर येऊन बसायला लागलं. टेबलावरचं प्लास्टिकचं कापड काढलं, खालचं लाकूड पुसलं, आणि हे आपलंच टेबल का, असं त्यांना वाटलं. कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांचं तिने खुर्चीला एक साधं आवरण शिवलं. नवीन म्हणून दमडीची वस्तू आणली नाही. शेजारीण म्हणाली, घर किती छान दिसतंय हो. मांडणकरांच्या पायाखालची वाळू सरकली. अशीच तारीफ शाखा बंद होताना ऐकू येते.

सरळ विचारावं, तर भीती अशी की सरळ उत्तर मिळेल. म्हणून त्यांनी डाव टाकला. दुकानातून एक नवी फुलदाणी आणली आणि मधोमध ठेवली. बायकोने वाद घातला, तर तिला घरात अजून रस आहे असं धरायचं. तिने वाद घातला नाही. छान आहे म्हणाली, आणि आठवडा उलटायच्या आत फुलदाणीचा पत्ता नव्हता. मशीन आता खिडकीशी आलं होतं. लोकांना त्यात उजेड दिसला असता. मांडणकरांना दिसलं, की खिडकीच्या शेजारी बाहेरचं दार आहे. जे शेवटी न्यायचं ते दाराजवळ ठेवतात, हीसुद्धा धंद्यातलीच रीत.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, दुकानात काम आहे असं खोटं सांगून त्यांनी मेव्हणीचं घर गाठलं. मेव्हणीने पाणी दिलं, चहा दिला, फक्त बातमी दिली नाही. पण मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत त्यांची बदकं, दिवा, पडदे, ती नवी फुलदाणी, सगळं जुन्या चादरीखाली. मेव्हणीने त्यातलं काहीच वापरायला काढलं नव्हतं. आणि या सगळ्याच्या मागे, भिंतीला टेकून, बायकोची प्रवासाची बॅग होती, गच्च भरलेली.

“ही इथे कशी?” त्यांनी विचारलं.

मेव्हणीने चादर नीट केली. “ते तिलाच विचारा, भावोजी. इतकी वर्षं काही विचारलं नाहीत, आता तरी विचारा.”

मांडणकर घरी आले तेव्हा बायको शिवत होती. शिवण पूर्ण होईपर्यंत तिने मशीन थांबवलं नाही. ते दारातच उभे राहिले. राग यावा म्हटलं तर येत नव्हता.

“तुझी बॅग बघितली,” ते म्हणाले.

“हो. ती आधी नेली. तुमची बदकं नंतर.”

“म्हणजे जायचं ठरलंय.”

“ठरलं होतं.” तिने दोरा तोडला. “माझं म्हणून जे होतं ते गोळा केलं, तर एका बॅगेत मावलं. एवढ्या वर्षांचं. रडू आलं नाही, राग आला. मग म्हटलं, जायच्या आधी घरातलं हे दुकान तरी उचलून बघू. खाली घर निघालं, तर राहू.”

मांडणकरांनी खोलीभर नजर फिरवली. आजवर प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेने बघण्याची त्यांना सवय. आज इथे गिऱ्हाईक नव्हतं.

“मग? निघालं का?”

“थोडं निघालंय,” ती म्हणाली. “तुम्ही मात्र अजून कुठे दिसला नाहीत.”

बॅग जाऊन घेऊन येऊ का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, राहू दे तिथेच अजून. मग मांडणकरांनी एक खुर्ची ओढली, तिच्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले.