साने बाईंचं ‘आता’

आधीच सांगतो, नजर, अंगारे, बाहेरची बाधा यातलं आमच्या घरात काहीही चालत नाही. रविवारी बुद्धवंदना होते, तेवढीच. वडील म्हणायचे, तपासल्याशिवाय मानायचं नाही, आणि गेली बावीस वर्षं मी तपासण्याचंच काम करतो... कर्वेनगरला माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं छोटं गॅरेज आहे. तरीही हे लिहितोय, कारण तपासून झालं आणि उत्तर मिळालं नाही.

मागच्या वर्षी मुग्धा साने तिची हॅचबॅक घेऊन आली. तक्रार अशी, की एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा मधूनच लागतो आणि आपोआप जातो. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, पण गॅरेजमध्ये दिवा कधी लागायचाच नाही. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात वैतागाचं दुखणं! पेशंट डॉक्टरसमोर आला की ताप उतरलेला.

“दादा, आई सोबत असली की तिला आधीच कळतं,” मुग्धा जरा संकोचत म्हणाली.

मी हसलो. तिची आई, साने बाई, गाडीतच बसल्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले.

“बाई, दिवा तुम्हाला दिसतो का?” मी विचारलं. प्रश्न मूर्खासारखाच होता.

“अहो, डोळे गेलेत. अक्कल आहे अजून. दिसत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आणलीय गाडी.”

स्कॅनर जोडला. त्यावर चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो. मी चालवत होतो, बाई शेजारी, मुग्धा मागे बसून मोबाइलवर स्कॅनरचं शूटिंग करत होती. सकाळचे अकरा, रस्ता मोकळा. दहा मिनिटं काही नाही. मग बाई सहज म्हणाल्या, “आता.”

एक... दोन... आणि दिवा लागला! स्कॅनरवर तीन चाकं तीसच्या वेगात आणि मागचं डावं चाक शून्यावर.

मला वाटलं, कान तीक्ष्ण असतील, चाकाकडून बारीक आवाज येत असेल. मुग्धाचे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवून मोठ्याने गाणी लावली. (“हा काय गोंगाट,” बाई म्हणाल्या.) तरी “आता” आलंच. मग वाटलं, सीटमधून हादरा जाणवत असेल. खाली जाड उशी दिली, रस्ता बदलला, वेग बदलला. सात वेळा दिवा लागला आणि सातही वेळा बाई दोन सेकंद आधी बोलल्या. एकदाही चुकून बोलल्या नाहीत.

“कसं कळतं, बाई?”

“कळतं म्हणजे... शिंक येण्याआधी वाटतं ना, तसं वाटतं.”

खरा बिघाड दुसऱ्या दिवशी सापडला. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर बाहेरून धडधाकट, पण आतलं तांबं तुटलेलं. चाक खाली-वर झालं की तुटकी टोकं कधी चिकटायची, कधी सुटायची. म्हणजे दिवा का लागायचा ते मी सांगू शकतो. बाईंना आधी कसं कळायचं, ते नाही.

वायर बदलली आणि तिघं पुन्हा ट्रायलला निघालो, स्कॅनर आणि मुग्धाचं शूटिंग तसंच चालू ठेवून. अर्धा तास दिवा नाही, बाईही गप्प. मी खुशीत होतो. सोसायट्यांच्या मागच्या सरळ रस्त्याला चाळीसचा वेग होता, तेवढ्यात—

“आता.”

माझा पाय ब्रेकवर गेला. का गेला, सांगता येणार नाही. दिव्यासाठी कोणी ब्रेक मारत नाही... पेडल पायाखाली थरथरलं, एबीएसने काम केलं. आणि डावीकडच्या बांधकामाच्या पत्र्यांमधून पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये थेट आमच्या आडवा आला. ना हॉर्न, ना शिट्टी. आमचं बॉनेट आणि त्याची टाकी यांच्यात वीतभर अंतर राहिलं. बाईंच्याच बाजूला.

मागे मुग्धा रडायला लागली. मी हँडब्रेक ओढला.

“लागला का दिवा?” बाईंनी विचारलं.

“नाही, बाई.”

“मग चुकलं माझं,” त्या खट्टू होऊन म्हणाल्या. “उगीच ब्रेक मारायला लावला तुम्हाला.”

मुग्धाने त्यांचा हात धरून टँकरचं सांगितलं. बाई म्हणाल्या, “मला दिव्याचंच वाटलं होतं हो. टँकरबिंकर काही नाही.”

व्हिडिओ माझ्याकडे आहे. मुग्धा आणि मी तो कितीतरी वेळा पाहिला. “आता” ऐकू येतं तेव्हा चारही चाकं व्यवस्थित चाळीसवर आहेत. स्कॅनरच्या लेखी गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

त्यानंतर दिवा लागला नाही आणि बाईंना तसं काही वाटलंही नाही. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगला आल्या, तेव्हा मी राहवेना म्हणून पुन्हा विषय काढला. गणिताच्या पेपरात असं अडलं की मुलांनी काय लिहायचं असतं, मी विचारलं.

“उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडायची,” बाई म्हणाल्या. “काहीतरी खरडून भरायची नाही. मी मार्क कापायचे त्याचे.”

म्हणून इथेच थांबतो.