खुंटीवरचं पायताण

जळोचीचे तात्या भांडण ऐकायच्या आधी भांडणाऱ्यांच्या पायातलं काढून घ्यायचे. बैलांच्या शर्यतीचा वाद असो नाहीतर कबड्डीचा, दोन्ही बाजूंनी पायताण त्यांच्या पुढ्यात ठेवायचं, "तात्या, तुमी सांगाल ते मान्य" म्हणायचं, मगच तक्रार. निकाल लागल्यावर पुन्हा "मान्य" म्हटलं की पायताण परत. यात्रा भरते तो सुप्याचा माळ चैत्रात तव्यासारखा तापतो. तिथनं अनवाणी रुसून जायला छाती लागते. माझ्याकडं होती, ते पुढं सांगतो.

तरुणपणी तात्या स्वतः गाडा हाकायचे. पडले, गुडघा गेला, आणि यात्रेचे पंच झाले. म्हणायचे, "पंच लंगडाच असावा. निकाल दिल्यावर त्याला पळून जाता येऊ नये."

एकदा एका कबड्डीवाल्या पोरावर दोन गावांनी हक्क सांगितला. हे म्हणाले आमच्यात जन्मला, ते म्हणाले आमचा जावई. तात्यांनी पोरालाच विचारलं, "भूक लागल्यावर कुठं जातोस रं?"

"सासुरवाडीला, तात्या. तितं कोंबडं कापत्यात."

"मग तितनंच खेळ. खाल्ल्या घरचं खेळावं." पोराची आई सोडून सगळी यात्रा हसली.

आता माझं. मी मोरगावचा. शाळा तिसरीत सोडली, पण बैल असा वळवला की नव्वद सालानंतर आमच्या भागात माझ्या हरण्याची जोडी माहीत नाही असं गाव नव्हतं. एका साली सुप्याला आम्ही पहिले आलो. ढाल हातात घेणार, तेवढ्यात दुसरा आलेला शंकरराव ओरडला, "ह्याच्या हरण्याच्या तोंडाला गुत्त्याचा वास येतोय!" बैलाला दारू पाजल्याचं ठरलं तर बैल कायमचा बंद आणि मालकाचं नाव गावोगाव चोर म्हणून. मी शंकररावाच्या अंगावर गेलो. तात्या म्हणाले, "आधी पायताण काढा."

काढली. मान्य म्हणालो. तात्यांनी हरण्याच्या तोंडाला नाक लावलं. हरण्यानं त्यांचं तोंड चाटलं.

"वास हाय. काय चारलंत?"

"पेंड, कडबा. आनि मेव्हण्यानं इंदापूरकडनं साखर कारखान्याची मळी धाडली व्हती, ती."

मळीचा डबा टेंपोतच होता, दोन दिवस उन्हात. झाकण काढलं तर आंबलेल्या मळीचा फेस उतू आला. माळभर दारूसारखा वास सुटला.

"पाजली न्हाय," तात्या म्हणाले, "पर प्यालाय. मालक चोर न्हाय, पुढच्या यात्रेला हरण्याला कुणी अडवायचं न्हाय. आजचा नंबर मातूर गेला."

"माझी चूक न्हाय, तर नंबर का जावा?"

"आनि शंकररावाच्या बैलाची काय चूक? त्यो नुसतं पानी पिऊन पळाला."

शंकरराव लगेच मान्य म्हणाला. मी नाही म्हणालो. पायताण तिथंच सोडलं आणि चालू लागलो. बैल टेंपोत, मालक डांबरी सडकेवर, अनवाणी, मोरगावपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तात्या एसटीनं दारात हजर. पिशवीत पायताण असेल असं वाटलं. निघालं लोणी. माझ्या पायाच्या फोडांना लावत म्हणाले, "पायताण जळुचीला खुंटीवर हाय. मान्य म्हना, घिऊन जावा."

"मेलो तरी न्हाय."

"मग चहा तरी सांगा."

पुढच्या साली हरण्या सुप्याला पहिला आला, तेव्हा फेटा उडवणाऱ्यांत तात्या सगळ्यांच्या पुढं होते. फेटा झटकता झटकता विचारलं, "आता?" मी म्हणालो, "न्हाय." मग हा रिवाजच पडला. मी जळोचीला जायचो, खुंटीवरचं पायताण बघायचो. दर साली ते करडईच्या तेलानं चकचकीत असायचं. तात्या विचारायचे, मी नाही म्हणायचो, मग जेवायला बसायचो. अंथरुणाला खिळले तेव्हाही गेलो. आवाज खोल गेला होता.

"अजून मान्य न्हाय?"

"न्हाय."

हसले. "बरं हाय. मान्य म्हनला असता तर तुमी कशाला आला असता हितं?"

ते गेल्यावर त्यांच्या सूनबाईंनी पायताण कागदात गुंडाळून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "आबा, आता तरी न्या."

कागद सोडला. चामडं कोरडं पडलं होतं. मी तेलाची वाटी मागितली, दोन्ही पायताणांना तेल चोळलं आणि परत त्याच खुंटीला अडकवलं.

"निकाल अजून मान्य न्हाय, सूनबाई," मी म्हणालो. "पुढच्या यात्रेला येतो."