अक्का मागे बसायची

‘गाडीवरनं पडली’ एवढंच सगळे सांगतात. मला पहिला फोन आला तोही एवढाच होता. मी शिकवते त्या शाळेच्या ऑफिसात शिपायाने रिसीव्हर हातात दिला आणि पलीकडून दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणाले की शकू कळंबच्या पुढे गाडीवरनं पडली, तुम्ही निघा. ते स्वतः भोसरीला कंपनीत होते, त्यांनाही कुणीतरी तेवढंच कळवलं होतं. मंचरहून कळंबच्या पुढे पोचायला वेळ तो किती लागतो... पण मी पोचले तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. गेल्या काही आठवड्यांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो कानावर पडला तरी डोकं फिरतं. पडली. म्हणजे जशी काही ती आपली आपण पडली, बोरीवरून बोर पडावं तशी.

गेलेल्या माणसाबद्दल मायेनं लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. माया आहेच. पण शकूअक्काची आठवण आली की मला आधी राग येतो, आणि तो लपवून गोड लिहिणं मला जमणार नाही.

आम्ही अवसरी बुद्रुकच्या. वडील वस्त्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून मंचरच्या डेअरीला घालायचे, जुन्या जड गाडीला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. अक्का नुकतीच दहावी झाली होती आणि वडील माळ्यावरून घसरून हात मोडून बसले. म्हशींना काही हे कळत नाही, त्या दूध द्यायच्या थांबत नाहीत. दोन दिवस चुलत्यांनी नेलं, मग त्यांचीही कुरकुर सुरू झाली. तेव्हा अक्काने वडिलांचा शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवला, गाडी वस्तीमागच्या माळावर ढकलत नेली आणि दिवसभर पडत-उठत राहिली. संध्याकाळी गुडघे सोलवटून आली आणि आईला म्हणाली, उद्या दूध मी नेते. नेलंही. डेअरीच्या रांगेतले गडी सुरुवातीला तिला फुकटचे सल्ले द्यायचे, क्लच असा सोड, गियर तसा टाक. पावसाळा संपेस्तोवर तेच तिला विचारायला लागले, कारण त्यांचं दूध रस्त्यावर सांडायचं आणि हिचं नाही.

पुढे मला गाडी शिकवली ती तिनेच. तिचे सल्ले अजून माझ्या हातात आहेत. ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर चढतो तिथे चिखल पडलेला असतो, तिथे ब्रेकला हात लावायचा नाही. समोरचा गडी हात कुठे दाखवतो ते बघायचं नाही, त्याचं चाक बघायचं. कुत्रं आडवं आलं तर हँडल झटकायचं नाही. आणि भरलेली किटली बरी, रिकामी त्याहून बरी, अर्धी मात्र वाईट, कारण आतलं दूध हिंदकळतं आणि गाडीला ओढतं. एकदा मी मैत्रिणीला मागे बसवून निघाले तेव्हा तिने हाक मारून मला थांबवलं. ‘मागं बसल्यालं माणूस म्हंजी अर्धी किटली. त्याला पुढचं दिसत नाय. खड्डा आला, ब्रेकर आला की सांगत जा त्याला,’ ती म्हणाली. मी आजही सांगते. वर्गातल्या मुलीला घरी सोडायला निघाले तरी सांगते.

वडिलांचा हात बरा झाला आणि गाडी तिच्याकडून गेली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. मग ओतूरचं स्थळ आलं. लग्नात जावयाला नवी गाडी द्यायची बोली झाली आणि वडिलांनी ती पाळली. मंचरच्या दुकानातून ती गाडी घरी कुणी आणली असेल? अक्काने. टाकीवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवून, रस्त्यातला एकेक दगड चुकवत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर ती एका अंगाने बसली, डोक्यावर पदर घेऊन, दाजींच्या मागे. त्यानंतर त्या गाडीचं हँडल तिच्या हातात कधी आलं नाही. घरात कुणी मनाई केली असंही नाही, कारण तसं कुणी विचारलंच नाही. बायको गाडी चालवते ही गोष्ट दाजींनी गंमत म्हणून चार मित्रांना सांगितली आणि तिथेच ती संपली.

एकदा दिवाळीला माहेरी आली होती. मी तेव्हा नोकरीला लागून स्कूटर घेतली होती. म्हटलं, बघ चालवून. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि गोठ्यामागून अशी गेली की आईच्या कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या. परत आली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उतरताना म्हणाली, ‘वतूरला नको सांगू बरं का.’ त्या वाक्याचा मला तेव्हाही राग आला होता. मला अक्काचाही राग येतो, हेही लिहून टाकते.

दाजी आठवडाभर भोसरीला, त्यामुळे ती गाडी आणि घरची ने-आण अण्णांकडे. अण्णा म्हणजे दाजींचे थोरले भाऊ. माणूस पापभीरू, कुणाशी वाकडं बोलणं नाही. पण त्या घरात थोरल्या दिरासमोर पदर पडायचा नाही, तोंड वर करून बोलायचं नाही आणि हात लागणं तर दूरच. गाडीवर दोघांच्या मध्ये पिशवी ठेवायची. एक हात मागच्या दांडीला, एक पदराला. दवाखाना, बाजार, लग्नं, मयती, सगळीकडे अक्का अशीच फिरली. त्या घरातला एकही गडी आजवर गाडीवरून पडला नाही, असं ओतुरात कौतुकाने सांगतात.

त्या दिवशी अण्णा तिला माहेराहून न्यायला आले होते. वाटेत मंचरला फ्रेमवाल्याकडे थांबले. त्यांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आबांचा मोठा फोटो काचेच्या फ्रेममध्ये तयार होता. अण्णांनी तो अक्काकडे दिला आणि सांगितलं की दोन्ही हातांनी नीट धरा, काच फुटंल. तिने धरला. कळंब ओलांडल्यावर एका वस्तीपाशी लोकांनी आपल्या मनाने ब्रेकर घातलाय, ना त्याला पांढरा पट्टा, ना अलीकडे पाटी. तिथेच मागच्या वर्षी एक पोरगा गाडीखाली गेला म्हणून तो घातला म्हणे. अण्णांना तो दिसला नाही. गाडी उडाली आणि अक्का मागच्या मागे गेली, डोक्यावर.

काच फुटली नाही. फोटो छातीशी तसाच होता. मी हे स्वतः पाहिलं. नंतर घरात आल्या-गेल्याला सांगत होते की आबांची पुण्याई बघा, एवढं होऊन फोटोला ओरखडा नाही.

दहाव्याला नदीवर कावळा शिवायची वाट बघत गडी माणसं झाडाखाली बसली होती. आणि बोलणं कशाचं? गाड्यांचं. कुणाच्या मते मागच्या टायरात हवा जास्त असणार, कुणाच्या मते शॉकअप गेलेले असणार. एकाने बायका एका अंगाने बसतात म्हणून तोल कसा जातो ते हाताने करून दाखवलं. मग दाजींचे कुणी पाहुणे म्हणाले, ‘काय बी म्हणा, बाईमाणसानं धरून बसाय पायजे व्हतं.’

मी उठून तिकडे गेले. विचारलं, ‘कुणाला?’

पाहुण्यांनी टोपी सारखी केली. मी पुन्हा म्हणाले, ‘पावणं, कुणाला धरायचं ते सांगा. अण्णांना धरायचं? चाललं असतं तुमाला?’ अण्णा पाण्याकडे तोंड करून उभे होते. दाजींच्या चुलतीने माझा दंड धरला आणि चारचौघांत शोभतं का हे, म्हणत मला बाजूला नेलं. न शोभणारी मीच ठरले. आणि अक्का धरून न बसलेली ठरली. तीच गोष्ट आता दोन्ही तालुक्यांत फिरते आहे.

दहाव्यानंतर आठवड्याभराने दाजींचा निरोप आला की ती गाडी दारात नको वाटते, तुमच्या वडिलांनी दिलेली आहे, तुम्हीच घेऊन जा. मी एसटीने ओतूरला गेले. दाजी भोसरीला होते. अण्णांनी गोठ्याच्या कडेला उभी केलेली गाडी पुसून ठेवली होती. किल्ली त्यांनी माझ्या हातात न देता सीटवर ठेवली. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ते जे बोलले ते मी आहे तसं लिहिते.

‘ताई, ती मागनं बांगड्या वाजवायची. पुढं ब्रेकर असला, खड्डा असला, की दांडीवर दोनदा. आमी समजायचो अन हळू घ्यायचो. मला लांबचं नीट दिसत न्हाई, लई वर्सं झाली. तिला म्हाईत व्हतं ते. त्या दिवशी वाजलं न्हाई. हातात आबा व्हते ना.’

मला काय झालं ते सांगता येत नाही. मागे बसणाऱ्याला पुढचं सांगत जा, असं मला बजावणारी माझी बहीण आयुष्यभर मागे बसून पुढच्याला सांगत आली. तोंड उघडायचं नाही म्हणून बांगड्यांनी. आणि न पडल्याचं कौतुक गड्यांच्या नावावर. मी अण्णांना म्हणाले की हे तुम्ही दहाव्याला बोलायला हवं होतं, आता महिन्याच्या श्राद्धाला माणसं जमतील तेव्हा बोला, त्या पाहुण्यासमोर बोला. त्यांनी म्हशीपुढे वैरण टाकली. मग म्हणाले, ‘घराची अब्रू जाईल, ताई. हे कुणाला बोलू नका.’

मी तसा शब्द दिलेला नाही. महिना होऊन गेला, अण्णा बोलले नाहीत, म्हणून मी हे पेपरात देते आहे.

त्या दिवशी गोठ्यापासून निघताना मी किक मारली तर त्यांनी विचारलं, चौकापर्यंत सोडाल का? त्यांनी गाडी चालवणं सोडलंय. मी मान हलवली. ते मागे बसले, दोन्हीकडे पाय टाकून, हात स्वतःच्या मांड्यांवर. कॉलेजच्या अलीकडे ब्रेकर आहे. मला तो लांबूनच दिसला होता. मी सांगितलं नाही आणि वेगही फारसा कमी केला नाही. खोटं कशाला बोलू?

गाडी उसळली आणि अण्णांनी माझे दोन्ही खांदे गच्च धरले. चौकापर्यंत सोडलेच नाहीत.

उतरल्यावर ते खाली बघत म्हणाले, ‘हात लागला, ताई. माफ करा.’

मी म्हणाले, ‘धरायचंच असतं, अण्णा. धरलं न्हाई तर माणूस मरतं.’